एकोणचाळिसाव्या वर्षी एमबीएचा अर्ज: ज्यांनी भरला आहे त्यांनी कृपया सांगा

घाटमाथा | १७ जून २०२५, रात्री १०.४०

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहूनच टाकतो.

वय ३९. २००८ ची मेकॅनिकलची बीई, तेव्हापासून वाळूजला. पहिली तीन वर्षं एका प्रेस शॉपमध्ये काढली, त्यानंतर आजतागायत एकाच कंपनीत, ॲल्युमिनियम डायकास्टिंगमध्ये, म्हणजे वितळलेलं ॲल्युमिनियम डायमध्ये (साच्यात) ओतून भाग बनवायचे. शिफ्ट इंजिनीअर म्हणून लागलो, आता ऑपरेशन्सचा एजीएम (सहायक महाव्यवस्थापक) आहे. हाताखाली २१० माणसं. वर्षाला २६ लाख. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी आठवीत, आई आमच्याकडेच असते. घराचे हप्ते अजून नऊ वर्षं आहेत.

एमबीए डोक्यात आलं ते जानेवारीत. नवीन प्लांट टाकायचा की नाही यावर बैठक होती. मशीन किती टनांची, वीज किती, माणसं किती, कितव्या महिन्यात माल बाहेर पडेल, सगळं मी तयार केलं होतं. चाळीस मिनिटं मी बोललो. मग बँकेची माणसं आली आणि मालक अगदी आपुलकीने म्हणाले, "तुमचं झालं, तुम्ही आता लाइनवर बघा, पैशांचं आम्ही बघतो." फाइल उचलून बाहेर आलो. अपमान कुणीच केला नाही. पण दार लागलं आणि लक्षात आलं की गेली पाच वर्षं मी दर वेळी नेमका याच क्षणी बाहेर येतो.

दुसरी गोष्ट, आमचा निम्म्याहून जास्त माल इंजिनात जातो. विजेवरच्या गाडीला इंजिन नाही. मोटरचं हाउसिंग, बॅटरीचा ट्रे, हे आम्ही ओतू शकतो, पण त्यासाठी काय विकत घ्यायचं, कशावर कर्ज काढायचं हे पुढच्या दोन-तीन वर्षांत ठरणार. ते ठरवताना मला आत बसायचंय.

या वयात घेतात का? घेतलं तर नंतर नोकरी कोण देतं? नोकरी सोडून वर्षभर जावं की शनिवार-रविवारचं करावं? ज्यांनी केलंय, किंवा विचार करून सोडून दिलंय, दोघांनीही लिहा.

रानजाई | १७ जून, रात्री ११.०५

मी ४३ ची. हाच प्रश्न दोन वर्षं मनात घेऊन फिरतेय. सगळं वाचणार आहे.

साबरमतीकाठ | १८ जून, सकाळी ७.२०

मी ३७ व्या वर्षी वर्षभराचं निवासी एमबीए केलं. आधी बारा वर्षं पंप बनवणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट्सला होतो.

आधी एक घोळ सोडवू. कॅट देऊन दोन वर्षांचं जे असतं त्याला वयाची अट नाही, पण तो वर्ग बावीस-पंचविशीतल्या मुलांचा. तिथे येणाऱ्या नोकऱ्याही त्यांच्याच मापाच्या. तुमच्यासाठी आहेत ते आयआयएमचे वर्षभराचे पूर्णवेळ अभ्यासक्रम: अहमदाबादचं पीजीपीएक्स, बंगळूरचं ईपीजीपी, कोलकात्याचं एमबीएएक्स, लखनौचं आयपीएमएक्स जे नोएडाला चालतं. अहमदाबादला किमान ४ वर्षांचा अनुभव लागतो, बाकीच्यांना ५. कमाल वय कुठेच लिहिलेलं नाही. हैदराबादच्या आयएसबीला (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) २४ महिन्यांचा अनुभव पुरतो, त्यामुळे तो वर्ग या सगळ्यांपेक्षा तरुण. त्यांचंच पीजीपीमॅक्स वरिष्ठांसाठी वेगळं आहे, नोकरी न सोडता करायचं.

म्हणजे वयावरून दारात कुणी अडवणार नाही. अडवतात ते एका प्रश्नावर: आत्ताच का? सत्तावीस वर्षांच्या मुलाला हा प्रश्न जेमतेम विचारतात, आपल्याला सोडत नाहीत. "प्रगतीसाठी", "नेतृत्वगुण वाढवण्यासाठी" असलं उत्तर दिलंत की संपलं. तुम्ही वर जो दार लागण्याचा प्रसंग लिहिलाय तेच तुमचं उत्तर आहे. तो निबंधात असाच्या असा जाऊ द्या.

माझ्या मुलाखतीत काय झालं ते सांगतो. समोर तिघं. पहिली दहा मिनिटं कामाबद्दल, मी खुशीत होतो. मग वित्त शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुम्ही पंप विकता. पैसे किती दिवसांनी येतात?" मला आकडा माहीत नव्हता. बारा वर्षांत मी तो कधी विचारलाच नव्हता. तसं सांगितलं. मग म्हटलं, अंदाज बांधू का? आमची निम्मी गिऱ्हाइकं नगरपालिका, त्यांचं बिल सहा महिन्यांच्या आत निघालं तर आम्ही पेढे वाटतो. खासगी कारखाने दीड-दोन महिन्यांत देतात. ओतीव भाग पुरवणाऱ्याला आम्ही महिन्यात देतो. म्हणजे मधले तीन महिने कुणाचे तरी पैसे अडकतात, आणि ते बहुतेक बँकेचे असणार. बाई म्हणाल्या, "मग जास्त पंप विकले की कंपनी श्रीमंत होते की गरीब?" मी गप्प. खरंच तोवर हा विचार केला नव्हता. त्या हसल्या, म्हणाल्या, "हे शिकायला येताय ना?" मला घेतलं.

तुमच्या कंपनीत ॲल्युमिनियमच्या इनगॉटचे (लगडींचे) पैसे किती दिवसांत द्यावे लागतात आणि गाडीवाल्यांकडून किती दिवसांनी येतात, हे उद्याच अकाउंट्समध्ये जाऊन विचारा. मुलाखतीसाठी नाही, तुमच्यासाठी.

कृष्णाकाठ | १८ जून, दुपारी १.१५

मी भरती बघते, उत्पादन क्षेत्रातच. थोडं कडू लिहिते, राग मानू नका.

कॅम्पसवर कंपनी जाते तेव्हा पद आधी ठरलेलं असतं, त्याचा अनुभव आणि पगार आधी ठरलेला असतो. बहुतेक पदं पाच ते दहा वर्षांच्या अनुभवाची. सतरा वर्षांच्या अनुभवाचा माणूस समोर आला की मॅनेजर पहिला प्रश्न विचारतो, "याचा साहेब कोण होणार?" साहेब चौतिशीचा असतो. त्याला नको असतं, बहुतेक वेळा तुम्हालाही नकोच असतं. यात तुमची चूक काहीच नाही, चौकटच तशी आहे.

पंधरा वर्षांच्या अनुभवानंतरच्या जागा कॅम्पसवर भरल्याच जात नाहीत. त्या ओळखीतून आणि शोध घेणाऱ्या एजन्सींमधून भरल्या जातात. तेव्हा प्लेसमेंटच्या आकड्यावर भरोसा ठेवून तीस-पस्तीस लाख घालू नका. संस्थेला थेट विचारा की गेल्या तीन वर्षांत पंधरा वर्षांच्या वर अनुभव असलेले किती होते आणि ते आज कुठे आहेत. सरासरी पगार विचारू नका, त्यातून तुमच्या वयाचा माणूस दिसतच नाही. त्या पाच-सहा जणांना शोधून फोन करा. मोकळेपणाने बोलतात माणसं.

आणि शेवटचं. तुम्हाला खरंच दुसरी नोकरी हवीये का? तुमचं लिखाण वाचून मला तसं वाटलं नाही. तुम्हाला याच धंद्यात आतल्या खोलीत बसायचंय. तसं असेल तर सगळा हिशोबच बदलतो.

घाटमाथा | १८ जून, रात्री ९.५०

कृष्णाकाठ, तुमचं शेवटचं वाक्य दिवसभर डोक्यात होतं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे मी तुला मार्चमध्येच म्हटलं होतं." म्हटलं होतं खरं.

साबरमतीकाठ, अकाउंट्समध्ये गेलो. इनगॉटचे पैसे आठवड्यात द्यावे लागतात. आमचे पैसे साधारण साठ दिवसांनी येतात, एका गिऱ्हाइकाकडून नव्वद. अकाउंट्सचे काका इतके खूश झाले की चहा पाजून अर्धा तास समजावत बसले. चौदा वर्षांत त्यांच्या टेबलापाशी मी फक्त प्रवासाची बिलं घेऊन गेलो होतो.

ताळेबंद | १९ जून, सकाळी ११.३०

पैशांचं मी लिहितो, माझा व्यवसायच तो.

पूर्णवेळ गेलात तर फी तीस लाखांच्या पुढे धरा, वर वर्षभराचा बुडालेला पगार २६ लाख. म्हणजे साठ लाखांच्या जवळपास. शैक्षणिक कर्ज ३० लाख, व्याज १० टक्के धरलं तर दहा वर्षांचा हप्ता सुमारे ३९,६०० येतो, पंधरा वर्षांचा सुमारे ३२,२००. शिकत असतानाचं व्याज भरत गेलात तर हा आकडा, नाहीतर मुद्दल फुगतं. पंधरा वर्षं घेतलीत तर शेवटचा हप्ता तुमच्या वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या आसपास, आणि मधल्या काळात मुलीचं शिक्षण येणार. व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट मिळते, रकमेला मर्यादा नाही, पण ती फक्त जुन्या करप्रणालीत. नवी घेतली असेल तर शून्य.

आता ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते. राजीनामा दिलात की कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम संपतो. त्यात तुमची आई असेल. राजीनाम्याच्या आधी घरच्यांची स्वतःची पॉलिसी घ्या, किंवा ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते लेखी विचारा, म्हणजे आधी भरलेली वर्षं वाया जात नाहीत. नव्याने घेतलीत तर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आईला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर ही एक गोष्ट फीच्या आकड्याहून मोठी ठरू शकते. माझ्या एका अशिलाचं वर्ष यातच गेलं, कॉलेज बाजूला राहिलं आणि साठवलेले पैसे दवाखान्यात गेले. मनापासून सांगतो, हे आधी करा.

शनिवार-रविवारच्या अभ्यासक्रमात पगार चालू राहतो. हिशोबात हाच सर्वांत मोठा फरक.

फास्टलोकल | १९ जून, रात्री ११.५५

संध्याकाळच्या वर्गांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

मी ३८ व्या वर्षी मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेत तीन वर्षांचं अर्धवेळ केलं, वित्ताचं. २०१४ ते २०१७. ऑफिस फोर्टात. सहाला निघायचं, चर्चगेटपर्यंत चालत, वाटेत एक वडापाव. वर्ग सुटला की सीएसएमटीवरून डोंबिवली. घरी पोचायला बारा. मुलगा तेव्हा तिसरीत होता, आठवड्यातले चार दिवस त्याला मी फक्त झोपलेला बघितला. हे सांगायलाच हवं, कारण अर्धवेळ म्हणजे सोपं असं लोक धरून चालतात. पूर्णवेळवाला एक वर्ष घरापासून लांब राहतो, आम्ही तीन वर्षं घरात असून लांब होतो.

पण जे मिळालं ते दुसरीकडे मिळालं नसतं. सोमवारी रोखप्रवाह शिकलो की मंगळवारी ऑफिसात तोच कागद समोर यायचा. साहेबांना मी प्रश्न विचारायला लागलो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी साहेबांनी मला कर्ज मंजुरीच्या समितीत न्यायला सुरुवात केली. पदवी हातात यायच्या आधीच.

वाळूजहून मुंबईचे संध्याकाळचे वर्ग जमणार नाहीत हे कळतं. पण शनिवार-रविवार पुणे जमण्यासारखं आहे. आयआयएम नागपूरचंही नोकरदारांसाठीचं शिक्षण पुण्यात चालतं, ते बघा.

माळरान | २० जून, सकाळी ८.१०

एक सावधगिरीचा शब्द. "एक्झिक्युटिव्ह" हे नाव दिसलं की ती पदवीच असते असं नाही. मी एका नावाजलेल्या संस्थेचा आठ महिन्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम केला, चार लाख भरून. विकणारा मुलगा फोनवर रोज "सर, एमबीएच्या बरोबरीचं" म्हणायचा. हातात आलं ते सहभागाचं प्रमाणपत्र. माजी विद्यार्थी म्हणून संस्था धरत नाही. पुढे एका ठिकाणी एचआरने स्पष्ट सांगितलं की हे शिक्षणाच्या रकान्यात लिहू नका.

शिकलो नाही असं म्हणणार नाही, काही प्राध्यापक फार चांगले होते. पण फसल्याची भावना जात नाही. पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: पदवी, पदविका की प्रमाणपत्र, माजी विद्यार्थ्यांत गणना होते का, एकूण तास किती, आणि शिकवणारे संस्थेचे प्राध्यापक आहेत की बाहेरचे.

थेम्सकाठ | २१ जून, दुपारी ४.३०

परदेशाचा विचार आहे का? नसेल तर हा प्रतिसाद ओलांडून पुढे जा.

मी ४१ व्या वर्षी इंग्लंडात आले शिकायला. पुष्कळांना माहीत नसतं की नोकरीच्या मध्यावर असलेल्या माणसांसाठी परदेशात वेगळे अभ्यासक्रम आहेत, नेहमीच्या एमबीएच्या वर्गात घुसायची गरज नाही. अमेरिकेत एमआयटीचं स्लोन फेलोज १९३१ पासून आहे. स्टॅनफर्डचं १९५७ पासून, आता त्याला एमएसएक्स म्हणतात आणि किमान ८ वर्षांचा अनुभव मागतात. लंडन बिझनेस स्कूलचं १९६८ पासून. तिन्ही वर्षभराचे. हा आल्फ्रेड स्लोन म्हणजे जनरल मोटर्सचा प्रमुख, मूळचा इंजिनीअर. घाटमाथा, तुमच्याच धंद्यातला माणूस. इंजिनीअर लोक चाळिशीला पोचतात तेव्हा त्यांना कारखान्याबाहेरचा धंदाही समजायला हवा, हीच त्यामागची कल्पना, आणि ती चौऱ्याण्णव वर्षं जुनी आहे. तुम्ही उशीर झाला म्हणून कानकोंडे होऊ नका.

नेहमीच्या एमबीएतच जायचं तर फ्रान्स-सिंगापूरचं इन्सिआड दहा महिन्यांचं आहे, स्वित्झर्लंडचं आयएमडी वर्षभराचं, तिथला वर्ग अमेरिकेतल्या वर्गांपेक्षा थोरला, सरासरी वय तिशीच्या जरा वर.

पण कुटुंब असलेल्या माणसाने व्हिसा आधी बघावा, संस्था नंतर. जानेवारी २०२४ पासून इंग्लंडात वर्गात शिकून करायच्या मास्टर्सला येणाऱ्याला नवरा-बायको-मुलं सोबत आणता येत नाहीत, फक्त संशोधनाच्या अभ्यासक्रमांना आणता येतात. मी त्याआधी आले म्हणून माझी मुलगी सोबत होती. शिकून झाल्यावर थांबायला मिळणारी दोन वर्षं दीड वर्षावर आणणार असं सरकारने मे २०२५ मध्ये जाहीर केलंय. अमेरिकेत जोडीदार येऊ शकतो, पण विद्यार्थ्याच्या जोडीदाराला तिथे नोकरी करता येत नाही. तुमच्या पत्नी शिक्षिका आहेत. त्यांनी वर्षभर घरी बसायचं की वाळूजलाच राहायचं, हा निर्णय त्यांचाही आहे.

घाटमाथा | २१ जून, रात्री १०.१५

थेम्सकाठ, खूप आभार. परदेश मनातून काढला. आई आणि मुलीला सोडून जमणार नाही. पण १९३१ चं वाचून खरंच बरं वाटलं.

प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेची भीती वाटतेय. गणित सोडून सतरा वर्षं झाली.

शुद्धगणित | २२ जून, सकाळी ६.४५

मी ४२ व्या वर्षी दिली, त्यामुळे भीती ओळखीची आहे.

नोव्हेंबर २०२३ पासून परीक्षा बदलली आहे, जुनी पुस्तकं रद्दीत द्या. आता तीन विभाग, प्रत्येकी ४५ मिनिटं: गणिताचे २१ प्रश्न, भाषेचे २३, माहितीच्या विश्लेषणाचे २०. गुण २०५ ते ८०५, शेवटचा आकडा नेहमी ५. भूमिती गेली, व्याकरणातली वाक्यं दुरुस्त करणं गेलं, निबंध गेला. प्रत्येक विभागात शेवटी मागे जाऊन तीन उत्तरं बदलता येतात. नव्या परीक्षेतले ६४५ म्हणजे जुन्या ७०० च्या आसपास, त्यामुळे कुणी जुना माणूस "सातशे हवेत" म्हणाला तर घाबरू नका. निकाल पाच वर्षं चालतो आणि दोन प्रयत्नांत निदान १६ दिवसांचं अंतर लागतं.

वयाचा तोटा कुठे होतो ते सांगतो. गणित येत नाही असं होत नाही. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, अंकांचे गुणधर्म, सगळं दहावीपर्यंतचं, दोन महिन्यांत परत येतं. तोटा होतो तो सोडून देता न येण्यात. कारखान्यात प्रश्न आला की सुटेपर्यंत आपण हलत नाही, सतरा वर्षं त्याचाच पगार घेतला. इथे एका प्रश्नावर चार मिनिटं गेली की पुढचा एक गेला. मी पहिल्या सरावात एका प्रश्नाला सहा मिनिटं दिली, बरोबर सोडवला, आणि शेवटच्या चार प्रश्नांवर डोळे मिटून टिचक्या मारल्या. मग स्वयंपाकघरातला टायमर समोर ठेवून दोन मिनिटं झाली की पेन खाली, असं महिनाभर केलं. पहाटे पाच ते साडेसहा. रात्री करू नका, दिवसभराची शिफ्ट डोक्यात असते.

माहितीच्या विश्लेषणात तुम्ही तरुणांना मागे टाकाल. तक्ते, आलेख, चार कागदांवरची माहिती जोडणं, हे तुम्ही रोज सकाळी साडेनऊच्या उत्पादन बैठकीत करताच.

घाटमाथा | ९ ऑगस्ट, रात्री १०.३०

निबंधाचा पहिला मसुदा साबरमतीकाठ यांना पाठवला होता. त्यांचं उत्तर आणि नंतर काय झालं ते इथे लिहितो, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

मी लिहिलं होतं: मोटर हाउसिंगच्या लीक टेस्टमधलं रिजेक्शन ९ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं, इतक्या लाखांची बचत, इतक्या महिन्यांत. खाली आलेख. त्यांनी एकच ओळ लिहून परत पाठवलं: "यात मशीन आहे, टक्के आहेत. तुम्ही कुठे आहात?"

दोन दिवस राग आला. मग आठवून बसलो, ते ३ टक्के नेमके झाले कसे.

रिजेक्शन कशामुळे हे आम्ही सहा आठवडे शोधत होतो. शॉटचा वेग बदलला, स्प्रे बदलला, सल्लागार आणला. शोधलं ते तिसऱ्या पाळीतल्या एका ऑपरेटरने. तो म्हणाला, साहेब, गळणारे पीस सगळे चहाच्या सुट्टीनंतरचे असतात. खरंच तसं होतं. पंधरा मिनिटं मशीन थांबलं की डाय गार पडते, आणि परत तापेपर्यंतचे पीस आतून सच्छिद्र निघतात. ते बाजूला काढायचा नियम होता, पण किती काढायचे हे प्रत्येक जण आपापल्या मनाने ठरवत होता. उपाय सोपा: सगळ्यांनी एकदम चहाला जायचं नाही, आलटून पालटून जायचं, मशीन चालू राहील.

मी नोटीस लावली. दुसऱ्या दिवशी ती फाडलेली होती. त्या शेडमध्ये भट्टीशेजारी आठ तास उभं राहणाऱ्या माणसाला सगळ्यांसोबत बसायला मिळतात ती तेवढीच पंधरा मिनिटं. मी ती एका कागदाने काढून घेतली होती. कुणाशी बोललोही नव्हतो.

मग आठवडाभर मी आणि दोन सुपरवायझर, आम्ही तिघं चहाच्या सुट्टीत तीन मशीनवर उभे राहिलो. त्यांचा चहा एकत्रच राहिला. सातव्या दिवशी लीक टेस्टचे आकडे त्या ऑपरेटरनेच फळ्यावर लिहिले. त्यानंतर पाळीतल्या लोकांनीच ठरवलं: दोन गट, दोन सुट्ट्या, प्रत्येकी पंधराऐवजी वीस मिनिटं. ती पाच मिनिटं मी मंजूर करून घेतली. नवी नोटीस लावायची गरज पडली नाही.

हे लिहून पाठवलं. नोटीस फाडल्याचं लिहू की नको असं झालं होतं, अर्जात आपली चूक कशाला सांगायची. ते म्हणाले, ते काढलंत तर बाकीचं सगळं काढा.

रानजाई | १० ऑगस्ट, सकाळी ९.००

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते.

माझं थोडं लिहिते. मुलाच्या आजारपणात सहा वर्षं नोकरी सोडली होती, नंतर परत लागले. अर्जात ती सहा वर्षं कशी लपवायची याच्यावर मी आजवर अडले होते. काल रात्री ठरवलं, लपवायची नाहीत. त्या सहा वर्षांत मी तीन हॉस्पिटलं, एक शाळा आणि विम्याचे दावे एकटीने हाताळलेत. सीव्हीत ती तारखांसकट एका ओळीत लिहीन, आणि निबंधात जितकं लागेल तितकं.

शिफारसपत्राचं मात्र कोडं आहे. सध्याच्या साहेबांकडे मागायचं म्हणजे मी जाणार हे सांगणंच झालं.

कृष्णाकाठ | १० ऑगस्ट, दुपारी १२.४०

रानजाई, सध्याचे साहेबच हवेत असं प्रत्येक ठिकाणी नसतं. आधीचे साहेब, मोठं गिऱ्हाईक, ज्यांनी तुमचं काम जवळून बघितलं असे कुणीही चालतात, फक्त सध्याच्यांचं का नाही हे एका ओळीत लिहायचं. आणि मोठ्या हुद्द्याचा माणूस शोधू नका. दोन ओळी लिहून देणाऱ्या संचालकापेक्षा दोन प्रसंग सांगू शकणारा मॅनेजर बरा.

ज्यांची पदवी जुनी आहे त्यांनी ट्रान्सक्रिप्टसाठी (विद्यापीठाने दिलेली गुणांची अधिकृत नोंद) आत्ताच अर्ज करा. २०१४ आधीच्या पदवीवर नुसतं "पुणे विद्यापीठ" असेल, तर अर्जात आजचं आणि तेव्हाचं दोन्ही नावं लिहा.

घाटमाथा | २३ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

बऱ्याच दिवसांनी लिहितोय.

जीमॅट दोनदा दिली. सप्टेंबरात ५८५, ऑक्टोबरात ६३५. टायमरचा सल्ला खरा ठरला. अर्ज दोन भरले, एक वर्षभराचा निवासी, एक नोकरी न सोडता पुण्यातला. आईची वेगळी पॉलिसी काढली, ग्रुपमधूनच त्याच कंपनीत वळवून मिळाली. ताळेबंद, तुमचे उपकार.

मोठी गोष्ट शिफारसपत्राची. आधीच्या साहेबांकडून घ्यायचं ठरवलं होतं. पण सतरापैकी चौदा वर्षं एकाच माणसाकडे काम केलं आणि त्यांच्यापासून लपवायचं, हे पचेना. दसऱ्यानंतर मालकांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. जानेवारीच्या बैठकीसकट. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्हाला बाहेर पाठवलं हे मला आठवतसुद्धा नाही." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही कधी बसतो म्हणाला नाहीत."

खरंय. कधीच म्हटलं नव्हतं.

पत्र त्यांनी दिलं. काय लिहिलंय ते मला माहीत नाही, थेट संस्थेकडे गेलं. गेल्या मंगळवारी बँकेची माणसं परत आली, नव्या प्लांटच्या कर्जासाठी. माझं झाल्यावर मी सवयीने फाइल उचलली. मालकांनी हाताने बसा अशी खूण केली. दोन तास बसलो. निम्मं कळलं. कर्जफेडीच्या क्षमतेचं कसलं तरी गुणोत्तर ते सारखं काढत होते, त्यावर सगळं अडलं होतं, आणि ते मला येत नव्हतं. अकाउंट्सच्या काकांनी नंतर समजावलं, पण वरवर. म्हणजे शिकायचं तर आहेच, उलट आता जास्त.

निवासी वाल्यांची मुलाखत ११ डिसेंबरला आहे. कुठलं घ्यायचं हे अजून ठरलेलं नाही. बायको म्हणते आधी प्रवेश तर मिळू दे. साबरमतीकाठ, येत्या रविवारी तासभर वेळ असेल तर माझी एक सराव मुलाखत घ्याल का? पैशांवर जास्त विचारा.

साबरमतीकाठ | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.०५

घेतो. रविवारी सकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल करा. कंपनीचे गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद काकांकडून घेऊन समोर ठेवा. रानजाईंनाही वेळ असेल तर त्यांनीही यावं, दोघांची घेऊ.

रानजाई | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.२०

येते.